दहा प्रश्न, तीस गुण : त्वचेच्या दुखण्याच्या एका मोजपट्टीचे परीक्षण

निकालपत्रक भरताना आपण शिक्षक एक भेद कटाक्षाने पाळतो. ज्याने पेपर लिहिला पण काहीच जमले नाही त्याच्यापुढे शून्य लिहितो. जो पेपरालाच बसला नाही त्याच्यापुढे 'गैरहजर' लिहितो. गैरहजर मुलांना शून्य धरून वर्गाची सरासरी काढली तर ती चुकते, हे कोणत्याही गणित-शिक्षकाला सांगावे लागत नाही. हा साधा भेद वैद्यकातील एका नावाजलेल्या प्रश्नावलीत पाळला गेलेला नाही, आणि त्यामुळे काही रुग्णांचे दुःख कागदावर कमी दिसते, असे आमचे म्हणणे आहे. त्या प्रश्नावलीचे हे परीक्षण. त्वचेच्या आजाराने माणसाच्या जगण्यावर किती परिणाम होतो ते ही प्रश्नावली मोजते. उदाहरण म्हणून आम्ही सोरायसिस हा आजार घेतला आहे. कारण त्यात कातडीवर दिसणारा रोग आणि प्रत्यक्ष भोगावा लागणारा त्रास यांतले अंतर फार ठळकपणे दिसते.

आजार कोणता?

त्वचेच्या वरच्या थरातील पेशी त्या थराच्या तळाशी तयार होतात, हळूहळू वर सरकतात आणि शेवटी गळून पडतात. निरोगी त्वचेत या प्रवासाला सुमारे चार आठवडे लागतात. सोरायसिसमध्ये तोच प्रवास चार-पाच दिवसांत उरकतो. पेशींची पुरती वाढ होण्याआधीच त्या पृष्ठभागावर येऊन साचतात आणि लालसर, जाड चट्टे व त्यांवर चंदेरी पापुद्रे दिसू लागतात. कोपर, गुडघे, डोक्याची त्वचा, कंबर आणि नखे या नेहमीच्या जागा. याचे मूळ शरीराच्या रोगप्रतिकार यंत्रणेच्या बिघाडात आहे आणि त्यात आनुवंशिकतेचाही वाटा आहे. काही रुग्णांचे सांधेही धरतात. हे प्रमाण तीस टक्क्यांपर्यंत असू शकते. भारतातल्या निरनिराळ्या पाहण्यांत प्रौढांमध्ये या आजाराचे प्रमाण ०.४४ ते २.८ टक्के आढळले आहे. पुष्कळ रुग्णांत त्याची सुरुवात वयाच्या विशीच्या आतच, म्हणजे शाळा-कॉलेजच्या वयात होते.

दोन गोष्टी वर्गात निःशंकपणे सांगता येतील. पहिली, हा आजार संसर्गजन्य नाही. स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने, एकमेकांचा टॉवेल वापरल्याने तो होत नाही. दुसरी, तो कायमचा नाहीसा करणारा उपाय आज उपलब्ध नसला, तरी तो आटोक्यात ठेवणारे उपचार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने २०१४ साली सोरायसिसविषयी ठराव केला आणि २०१६ साली संघटनेने त्यावर स्वतंत्र अहवाल काढला. वेदना, विद्रूपता आणि अपंगत्व आणणारा दीर्घकालीन, असंसर्गजन्य आजार अशी त्याची नोंद त्या ठरावात आहे.

तरीही लोक घाबरतात, आणि त्या भीतीला जुना इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनचे डॉक्टर रॉबर्ट विलन यांनी या आजाराचे नेमके वर्णन केले; पण त्याच्या एका प्रकाराला त्यांनी नाव दिले ते 'लेप्रा', म्हणजे कुष्ठरोगाची आठवण करून देणारे. हे दोन आजार वेगळे आहेत हे व्हिएन्नाच्या हेब्रांनी १८४१ च्या सुमारास स्पष्ट केले. पुस्तकातला घोळ मिटला, लोकांच्या मनातला मिटायचा आहे. आपल्याकडे आजही चट्टा दिसला की कोणी गजकर्ण म्हणतो, कोणी कोड म्हणतो, तर कोणी आवाज खाली आणून महारोगाचे नाव घेतो. (खरे तर कोड संसर्गजन्य नाही, आणि कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो. पण भीती इतका विचार करीत नाही.)

जुनी पट्टी

प्रश्नावली येण्यापूर्वी डॉक्टर आजाराची तीव्रता कशी मोजत? १९७८ साली फ्रेड्रिक्सन आणि पेटरसन यांनी सुचवलेली 'पासी' ही पद्धत आजही वापरात आहे. शरीराचे डोके, हात, धड आणि पाय असे चार भाग पाडायचे. प्रत्येक भागातल्या चट्ट्यांची लाली, जाडी आणि पापुद्रे यांना गुण द्यायचे, किती जागा व्यापली आहे ते पाहायचे, आणि त्या भागांना अनुक्रमे ०.१, ०.२, ०.३ व ०.४ असे वजन देऊन बेरीज करायची. कमाल गुण ७२.

ही पट्टी डॉक्टरच्या हातात असते आणि ती फक्त कातडी पाहते. तिची अडचण एका उदाहरणाने कळेल. माणसाचा पंजा बोटांसकट त्याच्या शरीराच्या पृष्ठभागाच्या साधारण एक टक्का असतो. दोन्ही तळहात भेगाळले, तरी व्यापलेली जागा एक-दोन टक्क्यांच्या आतच राहते. ज्या बाईला खुरपे धरायचे आहे, भाकरी थापायची आहे, धुणे धुवायचे आहे, तिच्या दृष्टीने मात्र त्या एक-दोन टक्क्यांत सगळे काम आले. उलट, पाठभर चट्टे असलेला एखादा माणूस सदरा घालून निर्धास्त फिरत असेल. पट्टी दुसऱ्याचा आजार मोठा ठरवील. क्षेत्रफळ मोजून त्रास मोजता येत नाही, ही गोष्ट डॉक्टरांच्याही लक्षात आली होती.

रुग्णालाच विचारा

वेल्समधील कार्डिफ येथील अँड्र्यू फिन्ले आणि त्यांचे सहकारी खान यांनी १९९४ साली जी प्रश्नावली प्रसिद्ध केली ती या अडचणीवरचा उपाय होती. तिचे नाव 'डर्मेटॉलॉजी लाइफ क्वालिटी इंडेक्स', संक्षेपाने 'डीएलक्यूआय'. तिची घडण आम्हांला आवडली. प्रश्न तज्ज्ञांनी टेबलाशी बसून ठरवले नाहीत. निरनिराळे त्वचारोग असलेल्या १२० रुग्णांना आधी विचारले, की या आजाराने आणि त्याच्या उपचाराने तुमच्या जगण्यात काय काय बदलले? त्या उत्तरांतून दहा प्रश्न निवडले. मग ते २०० नव्या रुग्णांना आणि १०० निरोगी माणसांना दिले. निरोगी माणसांचे सरासरी गुण १.६ टक्के आले, रुग्णांचे २४.२ टक्के. म्हणजे प्रश्नावली काहीतरी खरे पकडते आहे, एवढे दिसले. ५३ जणांकडून आठवड्याच्या अंतराने ती पुन्हा भरून घेतली, तेव्हा उत्तरे जुळली. मोजपट्टी कशी तयार करावी याचा हा चांगला नमुना आहे, आणि विज्ञानाच्या तासाला तो जरूर सांगावा.

प्रश्न सगळे गेल्या आठवड्याविषयी आहेत. खाज किंवा दुखणे किती होते; संकोच किती वाटला; खरेदी, घरकाम किंवा बागकाम यांत अडथळा आला का; कपडे निवडताना त्वचेचा विचार करावा लागला का; लोकांत मिसळणे, खेळ, नोकरी अथवा शिक्षण, जवळच्या माणसांशी संबंध, शारीरिक संबंध यांवर परिणाम झाला का; आणि शेवटी, उपचाराचाच त्रास किती झाला. हा शेवटचा प्रश्न विशेष मार्मिक आहे. डांबरयुक्त मलमाचा वास, चादरीवर पडणारे डाग, रोजचा तासभर वेळ हे सारे आजाराइतकेच जाच करू शकते, हे ज्याने भोगले त्यालाच सुचेल.

प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण ३०. गुण जितके जास्त, तितका त्रास जास्त. ०-१ म्हणजे परिणाम नाही, २ ते ५ थोडा, ६ ते १० मध्यम, ११ ते २० फार, २१ ते ३० आत्यंतिक, अशी वर्गवारी २००५ साली ठरली. भरायला दोन-तीन मिनिटे पुरतात. शंभराहून अधिक भाषांत तिची भाषांतरे झाली आहेत. डॉक्टरने रुग्णाला 'तुझे दिवस कसे जातात?' असे विचारण्याची सवय या कागदाने लावली, हे तिचे मोठेच श्रेय आहे.

पुढे या गुणांना अधिकार प्राप्त झाला. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेत सोरायसिसवरील महागडी जैविक औषधे कोणाला द्यावीत, याची जी मार्गदर्शक सूत्रे २००६ पासून निघाली, त्यांत 'पासी' किमान १० आणि 'डीएलक्यूआय' १० हून अधिक अशी अट आली. म्हणजे एखाद्या रुग्णाला औषध मिळेल की नाही हे नवाच्या आणि अकराच्या फरकावर ठरू शकते. रुग्णाचे अपंगत्व किंवा भाषेची अडचण उत्तरांवर परिणाम करीत असेल तर डॉक्टरांनी ते लक्षात घ्यावे, असेही तीच सूत्रे सांगतात. हे येथे नमूद केले पाहिजे. आपल्याकडे बहुतेक रुग्ण औषधाचा खर्च खिशातूनच करतात, त्यामुळे असा उंबरठा तितका जाचत नाही. पण संशोधनात हीच मोजपट्टी वापरली जाते, आणि कोणाचे दुखणे मोठे मानायचे याची आपली कल्पना तीच घडवते. म्हणून तिचे दोष पाहणे आवश्यक आहे.

गैरहजराला शून्य

तिसऱ्या प्रश्नापासून दहाव्यापर्यंत आठ प्रश्नांना 'लागू नाही' असा एक पर्याय आहे. हा पर्याय निवडला की त्या प्रश्नाचे गुण शून्य. त्यामागची भूमिका अगदीच चुकीची नाही. जो मुळात कधीच खेळत नव्हता, त्याच्या खेळावर त्वचेचा परिणाम झाला नाही, हे खरेच. पण ज्याने चट्ट्यांपायी दहा वर्षांपूर्वी खेळ सोडला त्याचे काय? गेल्या आठवड्यात खेळायला अडचण आली का, असे विचारल्यावर तोही 'लागू नाही' या चौकटीवरच खूण करण्याचा संभव आहे. दोघांचे शून्य दिसायला सारखे, अर्थ मात्र उलट.

समजा, दोन स्त्रिया आहेत. पहिली तालुक्याच्या गावी नोकरी करते, संसार सांभाळते, लग्नकार्याला जाते आणि प्रत्येक ठिकाणी त्वचेचा काही ना काही त्रास सोसते. तिची दहा प्रश्नांची उत्तरे क्रमाने २, २, १, २, १, 'लागू नाही', १, १, १, १ अशी आहेत. बेरीज १२, म्हणजे 'फार परिणाम'. दुसरी स्त्री आईवडिलांकडे राहते. चट्टे दिसतात म्हणून तिने शिक्षण सोडले, स्थळे परत गेली, आता ती कोणाकडे जात नाही. तिची उत्तरे २, ३, १, २, 'लागू नाही', 'लागू नाही', 'लागू नाही', ०, 'लागू नाही', १ अशी आहेत. बेरीज ९, म्हणजे 'मध्यम परिणाम'. जिने जगाकडे पाठ फिरवली, तिचे दुःख जगात वावरणारीपेक्षा कमी ठरले!

ही चूक किती टोकाला जाऊ शकते तेही पाहा. आठही प्रश्नांना 'लागू नाही' म्हणणाऱ्या माणसाला उरलेल्या दोन प्रश्नांत जास्तीत जास्त सहाच गुण मिळतील. त्याचे सगळे आयुष्य त्या आजाराने गिळले असले, तरी कागदावर परिणाम 'मध्यम'.

हंगेरीतील संशोधकांनी २०१८ च्या सुमारास या दोषाकडे लक्ष वेधले आणि गुण देण्याची सुधारित रीत पुढे आली. जे प्रश्न लागू आहेत त्यांच्याच कमाल गुणांशी प्रमाण काढायचे. पहिल्या स्त्रीचे नऊ प्रश्न लागू, कमाल २७; म्हणून १२ × ३० ÷ २७ = सुमारे १३. दुसरीचे सहाच प्रश्न लागू, कमाल १८; म्हणून ९ × ३० ÷ १८ = १५. क्रम उलटला. त्रैराशिकाचा इतका उपयुक्त दाखला पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडेल.

पण ही दुरुस्तीही पुरी नाही. ती गैरहजर विद्यार्थ्याला त्याच्या इतर विषयांची सरासरी देऊन मोकळी होते. तो का आला नाही, हे ती विचारत नाही. कधीच न खेळणाऱ्याचेही गुण ती वाढवते. आमच्या मते, 'लागू नाही'च्या पुढे एकच लहान प्रश्न जोडला तरी पुष्कळ काम होईल : 'आधीपासूनच नव्हते, की त्वचेमुळे सोडले?'

आठवडा आणि आयुष्य

दुसरा दोष मुदतीचा. सोरायसिस कमीजास्त होत राहतो. थंडीत पुष्कळांचा वाढतो. एका आठवड्याचे चित्र औषधाचा गुण पाहायला ठीक आहे. पण जगण्याची प्रत म्हणजे केवळ चालू आठवडा नव्हे. सतराव्या वर्षी कोणती शाखा घेतली, कोणती नोकरी लोकांसमोर उभे राहावे लागेल म्हणून नाकारली, लग्नाचा विषय कधी मिटवून टाकला, हे निर्णय एकदाच होतात आणि पुढची चाळीस वर्षे ठरवतात. त्वचेच्या आजाराने आयुष्याची वाट कशी हळूहळू बदलत जाते, या साचत जाणाऱ्या हानीचा विचार २०१० साली काही त्वचारोगतज्ज्ञांनी मांडला. ही प्रश्नावली तिथपर्यंत पोहोचत नाही. चट्टे ओसरले की गुण खाली येतात. सुटलेले शिक्षण मात्र परत येत नाही.

तिसरा दोष न विचारलेल्या प्रश्नांचा. या दहांत झोपेचा प्रश्न नाही, आणि लोकांनी कसे वागवले याचाही थेट प्रश्न नाही. अमेरिकेतील गिन्सबर्ग आणि लिंक यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सोरायसिसच्या १०० रुग्णांपैकी १९ जणांनी उघडपणे नाकारले गेल्याचे प्रसंग सांगितले. व्यायामशाळा, पोहण्याचा तलाव, केशकर्तनालय, नोकरी अशा त्या जागा होत्या. आपल्याकडे यात ठरलेले लग्न मोडणे, सार्वजनिक नळावर रांगेत अंतर ठेवले जाणे, घरातच पंचा नि पेला वेगळा होणे यांची भर घालावी लागेल. बागकामाचा उल्लेख वाचून तर आम्हांला हसूच आले. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात तुळशीच्या कुंडीपलीकडे बाग ती कुठली? शब्दाचे भाषांतर होते, पण रुग्णाच्या दिवसाचे होत नाही. ज्या १२० जणांच्या उत्तरांतून हे प्रश्न निघाले ते त्यांच्या मुलखात जगणारे होते. आपल्या मुलखातले १२० जण विचारले असते, तर कदाचित दुसरेच दहा प्रश्न निघाले असते.

चौथा मुद्दा बेरजेचा, तो गणिताच्या तासासाठी. दहा प्रश्न आणि प्रत्येकाची चार संभाव्य किंमती, म्हणजे ४ चा दहावा घात : १०,४८,५७६ वेगवेगळ्या उत्तरपत्रिका. त्या सगळ्या ० ते ३० या ३१ अंकांत कोंबल्या जातात. नुसती बेरीज ३ येण्याचे २२० मार्ग आहेत (विद्यार्थ्यांना मोजू द्यावेत). त्यांपैकी एक म्हणजे फक्त खाज फार. दुसरा म्हणजे नोकरीच गेली आहे, बाकी काही तक्रार नाही. अंक एकच. म्हणून आमचे सांगणे एवढेच, की बेरीज करावी, पण उत्तरपत्रिका फेकून देऊ नये.

मुलांची प्रश्नावली आणि आपण

याच गटाने १९९५ साली चार ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी वेगळी प्रश्नावली काढली. ती मोठ्यांच्या प्रश्नावलीहून अधिक शहाणी आहे, असे आमचे मत झाले. तिच्यात झोपेचा प्रश्न आहे. मैत्रीचा आहे. पोहणे किंवा खेळ टाळला का, असाही आहे. म्हणजे 'टाळणे' हाच त्रास मानला आहे. आणि एक प्रश्न चिडवणे, नावे ठेवणे, खोदून विचारणे व दूर राहणे यांविषयी आहे. मोठी माणसे एकमेकांना चिडवत नाहीत अशी समजूत असल्यामुळे तो मोठ्यांच्या यादीत नसावा.

पण हा कागद दवाखान्यात भरला जातो आणि मूल दिवसातले पाच-सहा तास आपल्यासमोर असते. कागदावर न येणारी गैरहजेरी आपल्यालाच दिसू शकते. मे महिन्यातही लांब बाह्या घालणारी मुलगी, खेळाच्या तासाला दर वेळी पोटदुखी सांगणारा मुलगा, स्नेहसंमेलनात पडद्यामागचेच काम मागणारे मूल, बाकावर शेजारी कोणी न बसणारे मूल. हे सारे 'लागू नाही'चे नमुने आहेत. अर्थात, अशा प्रत्येक मुलाला सोरायसिस आहे असे नव्हे. आजार ठरवणे डॉक्टरांचे काम. कोण कशातून बाजूला होत आहे याची दखल घेणे आपले.

करण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. मूल व पालक यांना आधी विचारावे आणि त्यांची संमती असेल तरच वर्गाला आजाराविषयी सांगावे. त्या मुलाकडे बोट न दाखवता त्वचेच्या धड्याच्या ओघात सांगितले तर उत्तम. लांब बाह्यांची किंवा पायमोज्यांची सवलत मागितली तर चौकशीचा फार्स न करता द्यावी. खरचटलेल्या जागी नवे चट्टे उठू शकतात, म्हणून घासणारे बूट किंवा बाकाचा निघालेला खिळा याकडे लक्ष द्यावे. घशाच्या जंतुसंसर्गानंतर दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांच्या अंगावर थेंबांसारखे ठिपके उठतात. अशा वेळी पालकांना त्वचारोगतज्ज्ञाकडे जाण्यास सांगावे. 'हमखास बरे' करणाऱ्या जाहिरातीतील पुड्या सुचवू नयेत. अशा काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असते, आणि ते अचानक थांबल्यावर आजार भयंकर उसळू शकतो.

डीएलक्यूआय टाकाऊ आहे, असा या परीक्षणाचा निष्कर्ष नाही. तीस वर्षांपूर्वी रुग्णाचा शब्द अंकात आणून तिने डॉक्टरांना ऐकायला लावले, आणि तिच्या उणिवा तिच्याच वापरातून उघड होत गेल्या. चांगल्या मोजपट्टीचे असेच होते. तिच्यातील शून्य वाचताना मात्र निकालपत्रकाची सवय विसरू नये. शून्य दिसले, तर हे मूल पेपरला बसले होते का, हे आधी पाहावे.